थकल्या गाड्यांचे माहेर : पुण्याची नाना पेठ

पुण्याला आलेला पाहुणा शनिवारवाडा पाहतो, दगडूशेठ गणपतीपुढे हात जोडतो, तुळशीबागेत खरेदी करतो आणि वेळ उरलाच तर पर्वतीच्या पायऱ्या चढतो. नाना पेठेत त्याला कुणी नेत नाही. तिथे पाहण्यासारखे काय आहे, असे पुणेकरही विचारील. मात्र त्याच पुणेकराची गाडी एखाद्या दिवशी चढावर अडून बसली, की त्याची पावले मुकाट्याने नाना पेठेकडे वळतात. पुण्यात नुसते 'गाडी' म्हटले, की ती दोन चाकांची समजायची. चार चाकांची असेल, तर तसे वेगळे सांगावे लागते.

लक्ष्मी रस्त्याने पूर्वेकडे चालत राहिले, की साड्यांची आणि सोन्याची दुकाने हळूहळू मागे पडतात. रस्त्यावर तेलाचे काळे डाग दिसू लागतात. हातोडीची टकटक ऐकू येते. कुठेतरी एखादे इंजिन मोठ्याने गुरगुरते आणि पुन्हा शांत होते. एका अंगाला रास्ता पेठ, दुसऱ्या अंगाला भवानी पेठ आणि क्वार्टर गेट ओलांडले की लष्कर भाग, अशा बेचक्यात ही पेठ वसली आहे. दुचाकीचा कुठलाही सुटा भाग हवा असला, तर गाडीवाले पहिले नाव हिचेच घेतात. नव्या गाड्यांची झगमगती दालने शहरात इतरत्र पुष्कळ आहेत. इथे येतात त्या वापरलेल्या, हात बदललेल्या, थकलेल्या गाड्या. माहेरी आलेल्या लेकीसारखी त्यांची इथे विचारपूस होते, दुखणे काढले जाते आणि मग त्या पुन्हा कामाला लागतात.

पालखीच्या वाटेवरची पेठ

पेठेला नाव मिळाले ते नाना फडणवीसांचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, नाना पेशव्यांचा कारभार पाहत असतानाच्या काळात, शहराच्या पूर्व अंगाला ही वस्ती आकाराला आली. हनुमान पेठ असेही तिचे एक जुने नाव आहे. पुढे इंग्रजांनी पलीकडे छावणी वसवली आणि ही पेठ शहर व लष्कर यांच्या सांध्यावर आली. सांध्यावरच्या वस्तीत नेहमीच व्यापार वाढतो. शेजारच्या भवानी पेठेत भुसार मालाचा आणि इमारती लाकडाचा धंदा फोफावला. नाना पेठेच्या वाट्याला कालांतराने चाके आली.

या पेठेची दुसरी ओळख म्हणजे निवडुंग्या विठोबाचे मंदिर. आषाढीच्या वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात मुक्कामाला असते ती याच मंदिरात. ज्ञानेश्वर माउलींची पालखी शेजारच्या भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात उतरते. त्या दिवसांत इथले रस्ते वारकऱ्यांनी भरून जातात. पुण्यातून निघाल्यावर हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे जाते, तर माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला पोहोचते. या घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जोडाव्या लागतात. हा चढ ध्यानात ठेवावा. नाना पेठेत दुरुस्त होणाऱ्या कितीतरी गाड्यांची खरी परीक्षा याच घाटात होते.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. साठच्या दशकात जवळच आकुर्डीला बजाजच्या स्कूटर बनू लागल्या. १९७२ साली 'चेतक' आली आणि त्याच वर्षी किनेटिकची 'लुना'ही रस्त्यावर धावू लागली. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे हाती आलेली गाडी जपणे आणि बिघडली तर दुरुस्त करून पुन्हा चालवणे, ही मध्यमवर्गीय घराची रीतच होऊन बसली.

मग छोट्या मोटरसायकलींचे दिवस आले. १९८५ साली हिरो होंडाची 'सीडी १००' आली आणि १९९४ साली 'स्प्लेंडर'. पुढे भागीदार वेगळे झाले आणि २०११ सालापासून ही कंपनी हिरो मोटोकॉर्प या नावाने ओळखली जाऊ लागली. या दोन्ही गाड्यांचे इंजिन ९७.२ सीसीचे होते. म्हणजे सिलिंडरमधली जागा जेमतेम एका लहान कपभर चहाएवढी! तेवढ्या जागेतल्या स्फोटांवर नवरा, बायको, एखादे मूल आणि भाजीची पिशवी एवढा संसार वर्षानुवर्षे धावत आला आहे. या शंभर सीसीच्या गाड्या पेट्रोल कमी पितात, त्यांचे भाग सहज मिळतात आणि त्या दुरुस्त करणारे हात गावोगावी आहेत. म्हणूनच पहिल्या मालकाने विकली, तरी गाडीचे आयुष्य संपत नाही. ती दुसऱ्या, तिसऱ्या घरी नांदायला जाते.

पार्टांचा बाजार

सकाळी दुकानांच्या फळ्या आणि शटर उघडले, की पेठ जागी होते. दुकानाच्या दर्शनी भागात क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या केबल तोरणासारख्या लटकत असतात. आत छतापर्यंत खोकी रचलेली असतात. चेन, चक्र, ब्रेक शू, आरसे, दिव्यांच्या काचा, पिस्टन, रिंगा, बेअरिंग. बाहेरच्या माणसाला हा सगळा पसारा वाटतो, पण गल्ल्यावरच्या माणसाने हात वर केला की हवा तोच डबा खाली येतो.

गिऱ्हाइकाने भागाचे नाव नीट सांगितले नाही, तरी इथे अडत नाही. जुना झिजलेला भाग रुमालात गुंडाळून आणायचा आणि काउंटरवर ठेवायचा, ही पेठेची बोली. दुकानदार तो उलटसुलट करून पाहतो आणि विचारतो, "मॉडेल कुठलं? किती साली घेतली?" कारण एकाच नावाच्या गाडीचे भाग सालागणिक बदलत जातात. चार-दोन वर्षांच्या फरकाने प्लेटची खाच वेगळी निघते आणि नवा भाग गाडीत बसत नाही.

दुकानांच्या मागे आणि गल्लीबोळांत या धंद्याची सगळी भावकी राहते. कुणी सिलिंडर बोअर करून देतो, कुणी लेथवर बुश बनवतो, कुणी वाकडी रिम सरळ करतो, कुणी सीटची कव्हरे शिवतो, कुणी फुटक्या सायलेन्सरला वेल्डिंग मारतो. एका गाडीच्या दुरुस्तीत असे चार-पाच हात सहज लागतात. त्यांतल्या एकाने काम बिघडवले, तर नाव सगळ्यांचेच जाते, हे इथला प्रत्येक जण जाणून असतो.

जुन्या पिढीतले मिस्त्री या धंद्यात पोऱ्या म्हणूनच आले. आधी पाने पुसायचे, मग बोल्ट ओळखायचे, मग इंजिन उघडताना बाजूला बसून पाहायचे, असा तो शिक्षणक्रम होता. आता चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणे हा गुन्हा आहे आणि आयटीआय शिकून आलेली मुलेही गॅरेजांत दिसतात. तरी आवाजावरून दुखणे ओळखण्याची विद्या अजूनही उस्तादाच्या शेजारी बसूनच शिकावी लागते.

'गाडी ओढंना झालीय'

पेठेतल्या गिऱ्हाइकांचा एक ठरावीक नमुना म्हणजे पुरंदर तालुक्यातून येणारा नोकरदार शेतकरी. घर दिवे किंवा सासवडच्या आसपास. थोडीशी शेती, बांधावर अंजिराची आणि सीताफळाची झाडे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी चार झाडांवर वर्षभराचे घर चालत नाही. म्हणून हडपसरकडे कुठल्यातरी कारखान्यात किंवा गोदामात नोकरी. बसची वाट पाहावी तर पाळी चुकते, पाळी चुकली तर पगार कापला जातो. अशा माणसाने पै पै साठवून दुसऱ्याच्या हातची शंभर सीसीची गाडी घेतलेली असते. सकाळी मागे फळांच्या करंड्या बांधून घाट उतरायचा आणि संध्याकाळी घाट चढून घरी जायचे. ही गाडी बसली, तर त्या घराची मिळकतच बसते.

मिस्त्री विचारतो, "काय होतंय, दादा?"

"घाटात ओढंना झालीय. इंजान नुसतंच ओरडतं, गाडी काय पुढं सरकत न्हाय. पेट्रोल बी लई खातीय."

एवढ्या बोलण्यातच अर्धे निदान झालेले असते. इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही. पूर्वी जेवढ्या पेट्रोलमध्ये आठवडा जायचा, तेवढे आता चार-पाच दिवसांत संपते. चढावर जळकट वास येतो. ही सगळी लक्षणे क्लच घसरत असल्याची. शंका पक्की करायची असेल, तर मोकळ्या आणि किंचित चढाच्या रस्त्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या गियरमध्ये गाडी सावकाश न्यावी आणि ॲक्सिलरेटर पुरता पिळावा. नुसता आवाज वाढला आणि गाडी मागच्याच चालीने चालत राहिली, तर क्लच घसरतो आहे असे समजावे. वापरलेली गाडी विकत घेतानाही हीच परीक्षा करून पाहावी. गाडी धुऊन, पॉलिश करून कितीही चकचकीत केलेली असली, तरी चढावर क्लच खोटे बोलत नाही.

'क्लच गेला' हे शब्द ऐकले, की साधा माणूस हबकतो. इंजिन उघडावे लागणार म्हणजे किती खर्च येईल, याचा त्याला अंदाज नसतो. घरात मुलांची फी भरायची असते. अशा वेळी 'विकून टाका, मी घेतो' म्हणणारे बरेच भेटतात आणि घाबरलेला माणूस चालती गाडी मातीमोल भावात देऊन बसतो.

चांगला मिस्त्री मात्र लगेच पाना हातात घेत नाही. आधी तो हँडलवरची क्लचची लिव्हर बोटाने हलवून पाहतो. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल असावी लागते. ती नसेल, म्हणजे केबल ताणलेली असेल, तर लिव्हर न दाबताही क्लच थोडा सुटलेलाच राहतो आणि घसरतो. केबलच्या टोकाशी असलेला नट सैल करून ही चाल मिळवता येते. पाच मिनिटांचे काम आणि खर्च शून्य. केबल गंजून आत अडकत असेल, तर ती बदलायची. तोही खर्च किरकोळच. मग तो इंजिनात कुठले ऑइल घातले आहे ते विचारतो. मोटारगाड्यांसाठी असलेली काही ऑइल इतकी निसरडी असतात, की मोटरसायकलच्या ऑइलमध्ये बुडालेला क्लच त्यांच्यामुळे घसरू लागतो. मोटरसायकलच्या ऑइलच्या डब्यावर 'जासो एमए' असा शिक्का असतो, तो पाहून घ्यावा.

चाल बरोबर, केबल बरोबर, ऑइल बरोबर आणि तरीही गाडी ओढत नाही, असे झाले तरच इंजिनाचे झाकण उघडायचे. फुकटात होणारी तपासणी जो आधी करतो, त्याच्या हाती गाडी निर्धास्त द्यावी. जो गाडी पाहण्याआधीच खर्चाचा आकडा सांगतो, त्याला नमस्कार करून पुढच्या गॅरेजकडे जावे.

चवडीतले रहस्य

क्लच म्हणजे नेमके काय, हे रोज तो दाबणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते. इंजिन सुरू झाले की ते सतत फिरत राहते. चाकाला मात्र कधी फिरायचे असते, तर कधी थांबायचे असते. या दोघांच्या मध्ये हात धरणारा आणि हात सोडणारा कुणीतरी लागतो. तोच क्लच.

शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांत तो इंजिनाच्या उजव्या झाकणाआड, ऑइलमध्ये भिजलेला असतो. झाकण उघडले, की कडेला खाचा असलेली एक वाटी दिसते. तिला बास्केट म्हणतात. तिच्यात पोळ्यांची चवड असावी तशा गोल प्लेट एकावर एक रचलेल्या असतात. एक प्लेट घर्षणाच्या मसाल्याने मढवलेली, तिच्यावर एक साधी पोलादी, पुन्हा मसाल्याची, पुन्हा पोलादी. मसाल्याच्या प्लेटचे कान बास्केटच्या खाचांत अडकलेले असतात आणि बास्केट इंजिनाबरोबर फिरते. पोलादी प्लेटचे दाते मधल्या हबवर बसलेले असतात आणि हब गियरच्या दांड्याला जोडलेला असतो. सगळ्या चवडीला स्प्रिंगांनी घट्ट आवळून धरलेले असते. प्लेट एकमेकींना चिकटून असेपर्यंत इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचते. लिव्हर दाबली की स्प्रिंगांचा दाब सुटतो, प्लेट मोकळ्या होतात आणि इंजिन आपले आपण फिरत राहते.

मसाला झिजला, की चवड पातळ होते. स्प्रिंगांची पकड सैल पडते आणि इंजिनाने जोर लावला, की प्लेट एकमेकींवरून घसरू लागतात. नवी मसाल्याची प्लेट साधारण तीन मिलिमीटर जाडीची असते. तिच्यातला अर्धा मिलिमीटरही झिजला, तर तिचे दिवस भरले. डोळ्यांना हा फरक कळत नाही. म्हणून सावध मिस्त्री व्हर्नियरने मोजतो आणि गिऱ्हाइकालाही दाखवतो.

उघडण्याचे काम शिस्तीत चालते. आधी ऑइल काढून घ्यायचे. ते काळेकुट्ट आणि जळकट वासाचे निघाले, तर प्लेट जळाल्याची खूण पटते. मग किक, पायदान आणि लागेल तर सायलेन्सर सोडवायचा. झाकणाचे बोल्ट लांबीला सारखे नसतात. म्हणून हुशार कारागीर पुठ्ठ्यावर झाकणाचे चित्र काढतो आणि ज्या जागेचा बोल्ट, त्या जागी खोचून ठेवतो. लांब बोल्ट आखूड जागी पिळला, तर ॲल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा.

प्लेट बाहेर आल्या, की तीन गोष्टी पाहायच्या. पोलादी प्लेटवर निळसर झाक असेल, तर ती तापून निघाली आहे. ती सपाट काचेवर ठेवून वाकडी झाली आहे का, ते तपासायचे. स्प्रिंगांची लांबी मोजायची. आखूड झालेली स्प्रिंग नव्या प्लेटनाही नीट धरू शकत नाही. आणि तिसरे म्हणजे बास्केटच्या खाचा. प्लेटच्या कानांनी वर्षानुवर्षे ठोकून खाचांच्या कडांना पायऱ्या पाडलेल्या असतात. प्लेट त्या पायऱ्यांत अडकल्या, की क्लच एकदम धरतो, एकदम सोडतो आणि गाडी हिसके देते. पायऱ्या उथळ असतील, तर कानशीने घासून सपाट करता येतात. खोल असतील, तर बास्केटच बदलावे लागते. खर्चाचा आकडा मुख्यतः इथेच ठरतो. म्हणून बास्केट बदलायला सांगितले, तर खाचा आपल्या डोळ्यांनी पाहाव्यात आणि बोट फिरवून खात्री करून घ्यावी.

अस्सल आणि नक्कल

यानंतर मिस्त्री चिठ्ठीवर भागांची नावे लिहून देतो : मसाल्याच्या प्लेटचा संच, स्प्रिंगा, झाकणाचे पॅकिंग, ऑइल. चिठ्ठी घेऊन गिऱ्हाइक काउंटरवर गेले, की दुकानदार विचारतो, "कंपनीचं देऊ का लोकल?"

या प्रश्नात फसवणूक आहेच असे नाही. गाडीच्या कंपनीच्या डब्यातले भाग महाग असतात. त्याखालोखाल स्वतःच्या नावाने क्लच प्लेट बनवणारे कारखाने आहेत. त्यांचा माल अनेकदा चांगला असतो आणि थोडा स्वस्तही पडतो. घात होतो तो तिसऱ्या प्रकारात. नामांकित डब्याची हुबेहूब नक्कल आणि आत हलका माल! अशा प्लेटचा मसाला काही महिन्यांतच सुटतो, त्याचा भुगा ऑइलमध्ये मिसळतो आणि इंजिनाच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. वाचवलेल्या शे-दोनशे रुपयांची किंमत मग इंजिनाला मोजावी लागते.

ओळखायचे कसे? डब्यावर भागाचा क्रमांक, छापील किंमत आणि होलोग्राम आहे का, ते पाहावे. छपाई पुसट असेल किंवा नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले असेल, तर डबा परत करावा. छापील किमतीच्या मानाने भाव फारच कमी सांगितला, तर आनंदून न जाता कारण विचारावे. पक्के बिल मागावे. बिल द्यायला जो दुकानदार कां-कू करतो, त्याचा माल तो स्वतःच्या गाडीत घालत नसेल. जुन्या प्लेट गॅरेजमध्ये सोडून न देता मोजून परत घ्याव्यात. त्या घरी नेऊन काही करायचे नसते. पण जुन्या परत द्यायच्या आहेत हे ठाऊक असले, की नव्या खरोखरच बसवल्या जातात.

खर्चाचे म्हणाल, तर प्लेट, स्प्रिंगा, पॅकिंग, ऑइल आणि मजुरी मिळून शंभर सीसीच्या गाडीचे काम साधारणपणे दीड-दोन हजारांच्या घरात होते. बास्केट बदलले, तर आकडा वाढतो. तरीही नव्या गाडीला अर्ध्या लाखाच्या वर मोजावे लागतात, तिथे ही रक्कम हप्ते न काढता उभी करता येते. मातीमोल भावात विकायला निघालेल्या गाडीची किंमत या एका हिशेबाने मालकाच्या ध्यानात येते.

पुन्हा जोडणी

नव्या प्लेट डब्यातून काढून तशाच कोरड्या बसवायच्या नसतात. आधी त्या स्वच्छ ऑइलमध्ये बुडवून ठेवाव्या लागतात. घाईत हे टाळले, तर पहिल्याच फेरीत प्लेट तापतात. तेवढ्या वेळात कारागीर झाकणाला चिकटलेले जुने पॅकिंग हलक्या हाताने खरवडतो. इथे चरा पडला, तर पुढे ऑइल गळत राहते. झाकण उघडलेच आहे, तर ऑइलची जाळीही धुऊन घेतली जाते. जळक्या मसाल्याचा चिखल तिच्यातच साठलेला असतो.

मग चवड पुन्हा रचली जाते. मसाल्याची, पोलादी, मसाल्याची, पोलादी. वरून दाबपट्टी आणि स्प्रिंगा. स्प्रिंगांचे बोल्ट एकामागून एक गरागरा आवळायचे नसतात. समोरासमोरचे, थोडे थोडे, फेरी मारत आवळायचे. दाब सगळीकडून सारखा पडला नाही, तर क्लच तिरका धरतो. झाकण बसते, ऑइल भरले जाते, केबलची चाल पुन्हा मोजली जाते. किक मारल्यावर इंजिन थोडा वेळ तसेच चालू ठेवतात आणि ऑइलची पातळी तपासतात. नंतर मिस्त्री स्वतः एक फेरी मारून येतो आणि मालकाला म्हणतो, "आता तुम्ही बघा."

मालक बसतो, पहिला गियर टाकतो आणि लिव्हर हळूच सोडतो. गाडी हिसका न देता पुढे निघते. बोटांना इतक्या दिवसांत विसरलेली पकड पुन्हा जाणवते.

दिवे घाटाची परीक्षा

हडपसर आणि फुरसुंगीची गर्दी मागे पडली, की वडकी गाव लागते आणि त्यापुढे दिवे घाट सुरू होतो. वळण घेत वर जाताना खाली मस्तानी तलाव दिसतो. पावसाळ्यात डोंगर हिरवे होतात आणि मोटरसायकलवाले तलाव पाहायला कडेला थांबतात. रोज ये-जा करणाऱ्याला मात्र देखाव्यापेक्षा पुढच्या ट्रकची काळजी असते. ट्रक रखडला, की मागची सगळी वाहने मुंगीच्या चालीने सरकतात. नेमकी याच वेळी क्लचची हत्या होते.

कारण पुष्कळ जण अशा वेळी गियर कमी करत नाहीत. लिव्हर अर्धी दाबून, ॲक्सिलरेटर पिळत गाडी रेटतात. याला 'हाफ क्लच' म्हणतात. अर्ध्या दाबलेल्या क्लचमध्ये प्लेट ना धड चिकटलेल्या असतात, ना धड सुटलेल्या. त्या एकमेकींवर घासत राहतात. मागे बायको, मध्ये मूल आणि हँडलला पिशव्या असतील, तर हे घासणे आणखी वाढते. काही जणांना लिव्हरवर सतत दोन बोटे टेकवून गाडी चालवायची सवय असते. तेवढ्या वजनानेही प्लेट झिजतात. चढावर गाडी थांबवून धरायची असेल, तर ब्रेक वापरावा, क्लच नव्हे. सिग्नलला पहिल्या गियरमध्ये लिव्हर दाबून उभे राहण्यापेक्षा न्यूट्रल करावे. घाटात वेळीच दुसऱ्या, गरज पडली तर पहिल्या गियरवर यावे आणि लिव्हर पूर्ण सोडून द्यावी. नव्या प्लेट बसवल्यावर पहिले काही दिवस जड ओझे टाळावे आणि आठवड्याभराने केबलची चाल पुन्हा तपासून घ्यावी. एवढे पथ्य पाळले, तर तोच क्लच वर्षानुवर्षे साथ देतो.

जुन्याची किंमत

नाना पेठेसमोरचे दिवस पूर्वीसारखेच राहतील असे नाही. रस्त्यावर बिनगियरच्या स्कूटर वाढल्या आहेत. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत तर हाताने दाबायचा क्लचच नसतो. पंधरा वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते आणि त्यासाठी ती तपासणीत उतरावी लागते. धूर ओकणारी, खिळखिळी झालेली गाडी केवळ मायेपोटी रस्त्यावर ठेवू नये, हेही खरेच. क्लच नवा घातला, तरी ब्रेक, टायर आणि दिवे यांच्याकडे पाहिलेच पाहिजे.

पण ज्या गाडीचे इंजिन निरोगी आहे आणि फक्त चार प्लेट झिजल्या आहेत, ती मोडीत काढणे हा शहाणपणा नव्हे. दुरुस्तीत वाचणारे पैसे कुणाच्या मुलाची फी असतात, कुणाच्या शेतातले खत असते. आणि दुरुस्ती समजून घेतलेला माणूस पुढच्या वेळी फसत नाही. म्हणून गाडी गॅरेजला टाकून चहाला जाण्यापेक्षा पेठेतल्या एखाद्या पायरीवर तासभर बसावे, झाकण उघडताना पाहावे आणि न कळलेले विचारावे. हाताला कितीही ग्रीस लागलेले असले, तरी चांगल्या कारागिराला आपले काम समजावून सांगायला आवडते.

संध्याकाळी पेठेत दिवे लागतात. दिवसभर उघडलेली इंजिने एकेक करून बंद होतात आणि दुरुस्त झालेल्या गाड्या क्वार्टर गेटकडून बाहेर पडतात. कुणी कोथरूडला जातो, कुणी पिंपरीला. पुरंदरकडचा गडी हडपसरची वाट धरतो. अंधार पडायच्या आत घाट चढायचा असतो, आणि आज गाडी वर ओढील याची त्याला खात्री असते.